डोळ्यांचं ट्रेनिंग घेतलं तर लक्ष लागेल का?

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, चौथीत. मागच्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान झालं, औषध चालू आहे. वाचायला बसला की नजर नुसती भिरभिरते, ओळ सुटते, मधलेच शब्द गाळतो. इथल्या एका सेंटरवाल्यांनी कॅमेऱ्यासमोर बसवून टेस्ट घेतली आणि म्हणाले की डोळ्यांवर कंट्रोल नाही म्हणून लक्ष लागत नाही, कॉम्प्युटरवर डोळ्यांचं ट्रेनिंग घ्या, नंतर औषधही बंद करता येईल. फी ऐकून ह्यांनी सरळ नाही म्हटलं, पण मला वाटतं एकदा करून बघावं. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, फी भरायची घाई करू नका. टेस्टमध्ये दिसलं ते खोटं असेल असं नाही हं. अशा टेस्टमध्ये बहुतेक वेळा स्क्रीनच्या मधोमध ठिपका असतो, मग बाजूला एक ठिपका चमकतो आणि मुलाला आधीच सांगितलेलं असतं की तिकडे बघायचं नाही, बरोब्बर उलट्या बाजूला बघायचं. ऐकायला सोपं वाटतं पण तुम्ही स्वतः करून बघा, डोळे आधी ठिपक्याकडेच पळतात! त्यांना थांबवायचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि एडीएचडीत नेमका हाच ब्रेक उशिरा लागतो. कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत डग्लस मुनोझ यांच्या टीमने २००३ मध्ये हे मोजून दाखवलं, एडीएचडी असणाऱ्यांच्या चुका जास्त होत्या आणि एका जागी बघत राहा म्हटलं तरी नजर मध्येच सटकत होती. पण ९ वर्षांची बाकीची मुलंही या खेळात भरपूर चुकतात, त्यामुळे नुसत्या या टेस्टवरून निदान होत नाही. आणि डोळे पळतात म्हणून लक्ष जातं असं नाही, दोन्हीचं मूळ तिकडे मेंदूत आहे. सेंटरवाले इथेच गाडी उलटी जोडतात.

आता ट्रेनिंगचं. मूल ज्या खेळाची प्रॅक्टिस करतं त्यात ते सुधारतं, यात शंका नाही. प्रश्न असा की गणिताच्या वहीत फरक पडतो का. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-उपचारांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, जून २०२० मध्ये ८ ते १२ वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलांसाठी एन्डेव्हरआरएक्स नावाच्या व्हिडिओ गेमला परवानगी दिली. त्याच्या ३४८ मुलांवरच्या ट्रायलमध्ये कॉम्प्युटरवरच्या लक्षाच्या टेस्टचा स्कोअर सुधारला, पण आईवडिलांना घरी जो फरक जाणवला तो हा गेम खेळणाऱ्यांत आणि दुसराच साधा गेम खेळणाऱ्यांत साधारण सारखाच! म्हणून सेंटरवाल्यांनी आधीचा-नंतरचा ग्राफ दाखवला की एकच विचारा, ट्रेनिंग न घेतलेल्या मुलांचा ग्राफ कुठाय?

एक गोष्ट मात्र जरूर करा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नीट तपासणी. नुसता नंबर नाही, जवळचं बघताना दोन्ही डोळे एकत्र आत वळतात का तेही बघायला सांगा. काही मुलांना यात अडचण असते, एडीएचडीबरोबर ती जास्त आढळते असंही दिसलंय, आणि ओळ सुटणं, अक्षरं दोन दिसणं, वाचताना कपाळ दुखणं ही तिचीच लक्षणं. पेन्सिल हळूहळू नाकाकडे आणताना ६ सेंटीमीटरच्या बाहेरच दोन दिसायला लागली तर डॉक्टरांना सांगा. यावर व्यायाम आहेत, त्याने डोळ्यांचा त्रास कमी होतो. पण अमेरिकेत ९ ते १४ वर्षांच्या ३११ मुलांवर खरे व्यायाम आणि खोटे व्यायाम अशी तुलना करून २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा वाचलेलं समजण्यात खऱ्या व्यायामांनी काही जास्त फायदा दिसला नाही, म्हणजे तिथेही अपेक्षा बेतानेच ठेवा.

औषध सेंटरवाल्यांच्या सांगण्यावरून बंद करायचं नाही, ज्यांनी लिहून दिलंय त्यांच्याशीच बोला. आणि पैसे खर्चायचेच असतील तर मुलाशी कसं वागायचं हे आईबाबांना शिकवणारे चांगले समुपदेशक शोधा, त्याला पुरावा कितीतरी भक्कम आहे. तोपर्यंत वाचताना ओळीखाली पट्टी धरा, धडा एका बैठकीत संपवायचा हट्ट सोडा, आणि बाईंना सांगून त्याला पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा.