सोयापेंड रक्सौलमार्गे

प्रश्न : नेपाळला रेल्वेने सोयापेंड पाठवताना रक्सौलला माल उतरवून पुन्हा भरावा लागतो का? – एक व्यापारी, इंदूर

उत्तर : नाही. बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलहून ब्रॉडगेज रूळ थेट नेपाळातल्या वीरगंजजवळच्या सिरसिया ड्राय पोर्टपर्यंत (समुद्रापासून दूरचं, जमिनीवरचं मालबंदर) जातात, अंतर पाच-सहा किलोमीटर. तीच वाघीण (मालडबा) पलीकडे पोहोचते. घोळ होतो तो वजनाचा. रेल्वे पोत्यासकट वजन धरते, आपण बिलात निव्वळ पेंड लिहितो. रिकामं ज्यूटचं पोतंच अर्ध्या किलोहून जड. १,००० पोत्यांमागे अर्ध्या टनाहून जास्त तफावत दिसते आणि कस्टम्स विचारणारच. म्हणून बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एक्सपोर्ट (जमिनीमार्गे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा अर्ज), तिन्हींवर निव्वळ व एकूण अशी दोन्ही वजनं लिहा. पोत्यांची संख्या आरआरशी (रेल्वेच्या मालपावतीशी) ताडून पाहा, आणि हे इंदूरलाच करा. रक्सौलला दुरुस्ती फार जड जाते.