परवान्याच्या बंदुकीवर हाताने नक्षी कोरायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा: आजोबांची बारा बोअरची दुनळी आता तुमच्या परवान्यावर आली आहे, तिच्या बाजूच्या पट्ट्या कोऱ्या आहेत, त्यांवर स्वतःच्या हाताने वेलबुट्टी कोरायची आहे. हत्यारं कोणती घ्यावीत आणि परभणीच्या आसपास कुणी शिकवतं का?

बंदूक कपाटात राहू द्या. एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, पट्टीचे तुकडे आणा आणि शिकायचं ते त्यांवर शिका. मी उदगीरचा. घरात सोनारकी आणि लग्नसराईत भांड्यांवर नावं घालायचा वडिलांचा जोडधंदा. मी लोखंडावर कोरतो ते मुख्यतः अडकित्ते आणि सुऱ्या. परवाना असलेल्या एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात बसून बंदुकीच्या पट्ट्याही कोरल्या आहेत. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, बंदुकीवर अडतं ते नक्षीपायी नाही, पोलादापायी.

चांगल्या दुनळीची अ‍ॅक्शन, म्हणजे नळ्या जिथे बसतात तो ठोकळा, आणि तिच्या दोन्ही अंगांच्या लॉकप्लेटा, म्हणजे तुम्ही म्हणता त्या बाजूच्या पट्ट्या, मऊ पोलादाच्या करतात. मऊ असतानाच त्या कोरतात. मग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून लाल होईस्तोवर तापवतात आणि पाण्यात सोडतात. कोळशातला कार्बन वरच्या पापुद्र्यात शिरतो, तो कडक होतो, आतलं पोलाद मऊच राहतं. जुन्या बंदुकांवर निळ्या-तपकिरी ढगाळ छटा दिसतात त्या यातूनच आलेल्या. हा पापुद्रा मिलिमीटरचा अंशच असतो, पण कोरायच्या हत्याराचं टोक उडवायला तेवढा पुरतो. दुरुस्तीवाल्याला प्लेट उतरवून आतल्या कडेला बारीक कानस फिरवून बघायला सांगा. कानसीने धरलं तर मऊ, नुसती घसरली तर कडक. कडक निघाली तर आधी तापवून मऊ करायची, मग कोरायची, मग पुन्हा कडक करायची. या तापवण्या-विझवण्यात प्लेट जराशी पिळली तरी आतल्या घोडा-कमानीची जुळणी बिघडते. घरच्या भट्टीत हे करू नका. नळीला तर हातच लावायचा नाही. दुनळीच्या नळीची भिंत मधल्या भागात एक मिलिमीटरहूनही पातळ असू शकते.

आता कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पाचव्या कलमानुसार शस्त्र बनवणं, विकणं, त्यात फेरफार करणं, दुरुस्त करणं याला वेगळा परवाना लागतो. आठव्या कलमानुसार बंदुकीवरचा नंबर, नाव किंवा ओळखीची खूण पुसणं, खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. नक्षीच्या नादात खरा धोका इथे असतो. कोरण्याआधी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात, आणि जुन्या बंदुकीचा नंबर आधीच उथळ झालेला असतो. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला आधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. परवाना नसलेल्या कारागिराच्या हाती बंदूक सोपवून यायचं नाही, तो कितीही ओळखीचा असो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो हे तुम्हाला ठाऊकच असेल. तेव्हा काम अर्धवट उघडं पडलेलं असेल तर ठाण्यात काय काय समजावून सांगत बसाल, तेही डोळ्यांसमोर आणा.

हे झालं नाइलाजाचं बोलणं. आता हत्यारं.

कोरायच्या टोकदार हत्याराला आम्ही कलम म्हणतो, दुकानात ग्रेव्हर म्हणून मागा. लेथवाल्यांचा एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) चौकोनी टूल बिट, अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा, हाही चालतो, किंबहुना मला तोच आवडतो. कार्बाइड जास्त कडक असतं, पण नवख्याच्या हातात त्याचं टोक पटापट उडतं. दुकानातून आणलेलं कलम हे कामाचं कलम नसतं. त्याला आकार तुम्हीच द्यायचा आणि निम्मं शिक्षण तिथेच आहे. खालच्या दोन बाजू मिळून १२० अंशांचा कोन होईल अशा घासायच्या. समोरचं तोंड ४५ ते ५० अंशांत तिरकं करायचं. मग टोकाच्या अगदी खाली, दोन्ही बाजूंना, १५ ते २० अंशांचा इवलासा उतार द्यायचा. ही टाच. टाच नसेल तर कलम धातूवर जवळजवळ आडवं धरावं लागतं आणि बोटं घासतात. टाच दिली की मूठ वर उचलली जाते.

टाचेची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवी. नवीन माणूस इथेच गडबडतो, कारण लांब टाचेनेही सरळ रेषा छान निघते. वळण घेतलं की मात्र टाचेची मागची कड रेषेच्या बाहेरच्या काठाला खरवडत जाते. भिंगाखाली बघा: आतला काठ स्वच्छ, बाहेरचा कुरतडल्यासारखा. असं दिसलं की हाताला दोष देऊ नका, टाच आखूड करा. दोन्ही काठांवर बारीक कूस उभी राहत असेल तर टोक बोथट झालंय.

धार लावायला ६०० ची डायमंड चकती, मग १२०० ची, शेवटी सिरॅमिकवर बारीक डायमंड पेस्ट. टाच जितकी चकचकीत तितकी कोरलेली रेष आतून चमकते. तपासायला टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवा. घसरलं तर परत चकतीवर, जागीच अडकलं तर कामाला लागा. हाताने हे कोन धरता येतात, जुने लोक धरतच होते, पण आज शिकणाऱ्याने कोन पकडणारं फिक्स्चर घ्यावं. पैसे मोजकेच असतील तर आधी फिक्स्चर, मग डोक्याला लावायचं भिंग, मग बॉल वाईस, म्हणजे काम पकडून गोल फिरणारा शिकंजा. तो येईपर्यंत आमच्यासारखं राळेत बसवा. लाकडी ठोकळ्यावर राळ तापवून ओता, त्यात पट्टी दाबून बसवा, खाली वाळूची उशी ठेवा म्हणजे ठोकळा हवा तसा फिरतो. वळण घेताना कलम नाही फिरवायचं, पट्टी कलमाखाली फिरवायची.

कोरायच्या तीन रीती आहेत. तांब्या-चांदीवर तळहाताने रेटून चालतं. पोलादावर सहसा हातोडी लागते. हातोडी हलकी, पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर, आणि ठोके मनगटातून, हलके पण भराभर. तिसरी रीत हवेवर चालणाऱ्या हत्याराची. कॉम्प्रेसरची हवा मुठीतल्या पिस्टनला ठोके देते, तुम्ही फक्त दिशा द्यायची. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावच्या जीआरएस कंपनीमुळे ही यंत्रं जगभर गेली, आणि स्टीव्ह लिंडसे यांची एअरग्रेव्हरही नावाजलेली आहे. यंत्राने काम सोपं होतं, खोटं कशाला बोलू. तरी माझं मत आधी हातोडीचं, कारण हातोडीवर कलमाचा कोन चुकला की लगेच कळतं, यंत्र तो बराच वेळ खपवून घेतं.

कोन म्हणजे काय ते नांगर धरलेल्याला सांगावं लागत नाही. मूठ वर उचलली की फाळ खोल जातो, दाबली की वर येतो. कलमाचं तसंच. मूठ वर केली की टोक पोलादात रुतून बसतं आणि मोडतं, फार खाली नेली की सटकून पट्टीभर ओरखडा काढतं. दोहोंच्या मधला कोन सापडला की टोकापुढे चांदीच्या तारेसारखा दिसणारा छिलका वळत बाहेर येतो. भांड्यांवर नावं घालणाऱ्यांच्या हाताला इथे एक सवय मोडावी लागते. नाव घालताना छिन्नी उभी असते, ठिपक्याला ठिपका लागून अक्षर होतं, धातू दबतो पण निघत नाही. इथे धातू निघाला पाहिजे.

पट्टी ग्राइंडरच्या खुणा जाईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, शेवटी ४०० किंवा ६०० चा. आरशासारखी चमकवू नका, डोळे दिपतात आणि रेष दिसत नाही. मग रेखाटन. पेन्सिल पोलादावर नीट उठत नाही, त्यावर माझा उपाय मोरचूद. बोर्डो मिश्रणासाठी शेतात वापरता तोच. चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून, तेलकटपणा काढलेल्या पट्टीवर फडक्याने पुसला की तांब्याचा पातळ लाल थर चढतो. त्यावर अणकुचीदार सुईने रेघ ओढली की खालचं पोलाद पांढरं उठून दिसतं. काम झाल्यावर पॉलिश पेपरने थर निघून जातो. हातात मोजे घाला आणि ते फडकं स्वयंपाकघरात नेऊ नका. बंदुकीच्या भागावर हे करू नका, राहिलेला ओलावा गंज धरतो. तिथे पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात पुरतो.

पहिले महिने नुसत्या समांतर रेषा, सारख्या खोलीच्या. १२० अंशांच्या कलमाने खोली वाढली की रुंदीही वाढते, म्हणून रेष कुठे जाड-बारीक झाली ते डोळ्याला लगेच दिसतं. मग कंपासने काढलेली वर्तुळं, मग शंखावर्त वळणं, मग पानं. वळणाचा कणा बिघडलेला असेल तर त्यावर कितीही पानं चढवा, ती वेल मेलेलीच दिसते. म्हणून कागदावर रोज काढा. पानांच्या सावलीच्या बारीक रेघा सगळ्यात शेवटी, आणि वाटतात त्याहून कमी.

नमुने बघायला युरोपातली बंदुका बनवणारी गावं माहीत असू द्या: ऑस्ट्रियातलं फेर्लाख, जर्मनीतलं झूल, बेल्जियममधलं लिएज, इटलीतलं गार्दोने वाल त्रोंपिया. इंग्रजी बंदुकांवर बारीक घट्ट वळणं आणि गुलाबांचे गुच्छ असतात. इटालियन बुलीनो पद्धतीत सूक्ष्म ठिपक्या-रेघांनी अक्षरशः चित्र उभं करतात. हे सगळं बघा, पण परभणीच्या बंदुकीवर इंग्लंडचा तितर आणि शिकारी कुत्रा कशाला? पैठणीच्या पदरावरची आसावली वेल लॉकप्लेटच्या निमुळत्या आकारात फार सुरेख बसते. मी ती अडकित्त्यांवर कोरतो.

बंदुकीवरचं कोरीव काम शिकवणारी संस्था मराठवाड्यात माझ्या पाहण्यात नाही. पण बीदर आपल्याला लागून आहे, उदगीरहून तर हाकेच्या अंतरावर, आणि छत्रपती संभाजीनगरातही बिदरीचे कारागीर आहेत. बिदरीची वस्तू जस्त आणि थोड्या तांब्याची ओतीव. कारागीर तिला मोरचूद लावून तात्पुरतं काळं करतो, मेण लावलेल्या दगडावर बसवतो आणि हातानेच फुलजाळी आखून छिन्नीने खोदतो. मग खाचेत चांदी बसवतात: तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्रा बसवतात ती तहनिशान. चांदी ठोकून झाली की बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात वस्तू कायमची काळी होते, चांदी पांढरीच राहते. जस्त पोलादापेक्षा खूप मऊ, त्यामुळे त्यांची छिन्नी आणि ठोका जसाच्या तसा उचलू नका. उचलायचं ते रेखाटन, आणि खाच आतून रुंद ठेवून तार कशी अडकवतात ते. पुढे पोलादात सोन्याची तार बसवायची झाली तर तत्त्व हेच आहे: खाचेच्या कडा आतून कापून ठेवायच्या, शुद्ध सोन्याची मऊ तार ठोकून त्यात पसरवायची. बावीस कॅरेटची तार त्यामानाने कडक, नीट पसरत नाही.

बीदरला जायचं तर सुट्टीच्या गर्दीत जाऊ नका. आधी काहीतरी विकत घ्या, मग बसू का म्हणून विचारा. शिकवा म्हटलं तर बरेच जण हसून टाळतील, बसून बघायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. बघताना हातोडीच्या हाताकडे नाही, छिन्नी धरलेल्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवा.