आपण एका दिवसात 70 टक्के विसरतो हे खरं का? टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मानसशास्त्र प्रात्यक्षिकात ते कसं तपासायचं?

70 टक्क्यांचा आकडा जसा सांगितला जातो तसा खरा नाही. मूळ प्रयोगात किती मजकूर विसरला हे मोजलंच नव्हतं. मोजली होती ती पुन्हा पाठ करताना झालेली वेळेची बचत. प्रात्यक्षिकातही सगळा घोळ इथेच होतो, म्हणून आधी तेवढं बघू.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने हे प्रयोग बर्लिनमध्ये 1879-80 साली केले, 1883-84 मध्ये पुन्हा करून पाहिले आणि 1885 मध्ये छापले. प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती) एकच, तो स्वतः. एका बैठकीत 13-13 निरर्थक शब्दांच्या आठ याद्या, गती मिनिटाला 150 शब्द. न बघता सलग दोनदा बिनचूक म्हणता आली की यादी पाठ झाली. ठरलेला वेळ गेल्यावर त्याच याद्या पुन्हा पाठ करायच्या आणि पहिल्यापेक्षा किती वेळ कमी लागला ते बघायचं. ही बचत 20 मिनिटांनी 58.2 टक्के आली, तासाभराने 44.2, नऊएक तासांनी 35.8, दिवसाने 33.7, सहा दिवसांनी 25.4 आणि 31 दिवसांनी 21.1.

शंभरातून 33.7 वजा केले की 66.3 उरतात. फिरणारा 70 चा आकडा बहुधा त्याचाच गोल केलेला अवतार आहे. पण ज्या यादीतला एकही शब्द आठवत नाही, तीसुद्धा दुसऱ्यांदा लवकर पाठ होऊ शकते. म्हणजे प्रत्यावाहनात (न बघता आठवून सांगण्यात) शून्य आणि बचतीत वीस टक्के, असं एकाच माणसाचं एकाच वेळी होऊ शकतं.

शिवाय एबिंगहाउसची घसरण इतकी तीव्र का, याचं एक कारण तो स्वतःच होता. 1957 मध्ये मानसशास्त्रज्ञ बेंटन अंडरवुडने वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल एकत्र मांडले. ज्यांनी आधी ढीगभर याद्या पाठ केल्या होत्या ते एका दिवसात तीन चतुर्थांश विसरत होते, आणि पहिलीच यादी पाठ करणारे जेमतेम एक चतुर्थांश. जुन्या याद्या नव्या यादीत घुसतात, आणि एबिंगहाउसने तर आधी ढीगभर याद्या पाठ केल्या होत्या. त्यामुळे तुमच्या वर्गातला नवखा प्रयुक्त दुसऱ्या दिवशी एबिंगहाउसपेक्षा खूप चांगली बचत दाखवेल. तो आकडा चुकला समजून 'दुरुस्त' करू नका.

आता मांडणी. एकाच प्रयुक्ताला 20 मिनिटं, एक तास आणि एक दिवस अशा तिन्ही अवधींना तीच यादी विचारू नका, कारण प्रत्येक चाचणी हा नवा सराव असतो. तीन गट करा, प्रत्येक गटाला एकच अवधी. गटात किमान आठ-दहा जण हवेत. तीन-चार जणांची सरासरी एका हुशार पाठांतरवाल्यामुळे कुठेही जाते.

खरी मेहनत यादीत आहे. शब्द व्यंजन-स्वर-व्यंजन असे घ्या: टेघ, ठेफ, थीभ. जोडाक्षरं नकोत. च, ज, झ टाळलेले बरे, कारण 'चहा'तला च की 'चमचा'तला, यावर प्रयुक्त अडतो. ण आणि ळ सुरुवातीला नकोत. मराठीत शब्द तसे सुरू होत नाहीत, त्यामुळे तो एकच शब्द डोळ्यात भरतो आणि फुकट लक्षात राहतो. 'गिप' आणि 'गीप' दोन्ही घेऊ नका, कानाला ते एकच आहेत. मग प्रयोगात नसलेल्या पाच जणांना एकेक शब्द दाखवा आणि तीन सेकंदांत काही आठवतं का ते विचारा. दोघांना आठवलं तर तो शब्द काढून टाका. इंग्रजीचंही भान ठेवा, 'टेप' आणि 'रूम' निरर्थक नाहीत. शेवटी पूर्ण यादी मोठ्याने वाचा. 'कोथ'नंतर 'रूड' आलं तर पुणेकर प्रयुक्ताला दोन्ही आयतेच मिळतात.

मेमरी ड्रम (ठरावीक गतीने एकेक शब्द दाखवणारं यंत्र) नसेल तर संगणकावर स्लाइड चालतील, प्रत्येक शब्द दोन सेकंद. एबिंगहाउसची गती नवख्याला झेपत नाही. पहिली फेरी फक्त बघण्याची. दुसऱ्या फेरीपासून पुढचा शब्द दिसण्याआधी प्रयुक्ताने तो सांगायचा. सलग दोन फेऱ्या बिनचूक झाल्या की थांबा आणि एकूण फेऱ्या लिहा. तेराची यादी एका तासिकेत बसत नसेल तर दहाची घ्या.

मधल्या 20 मिनिटांत प्रयुक्ताला मोकळं सोडलं की तो मनात घोकत बसतो. त्याला तोंडाने मोठ्या आकड्यातून तीन-तीन वजा करायला लावा. 1959 मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटरसन दांपत्याने हीच युक्ती वापरली होती. फक्त ती अखंड 20 मिनिटं कुणी करत नाही, म्हणून अधूनमधून चित्रातले फरक शोधायला द्या. पुन्हा तीच यादी येणार आहे हे आधी सांगू नका, प्रयोग संपल्यावर जरूर सांगा. यादीचा फोटो कुणी काढलेला नाही ना, तेही बघा.

हिशेबात एक बारीक खोच आहे. समजा पहिल्या दिवशी 20 फेऱ्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी 14. सरळ काढली तर बचत 30 टक्के येते. पण शेवटच्या दोन बिनचूक फेऱ्या ही तपासणी आहे, ते शिकणं नव्हे, आणि ती दोन्ही दिवशी सारखीच. ती वजा केली की 18 आणि 12 उरतात, बचत 33.3 टक्के. एबिंगहाउसही तपासणीचा वेळ वजा करत असे. यादी लवकर पाठ होणाऱ्यांत हा फरक खूप मोठा होतो: 7 आणि 4 फेऱ्यांची बचत 43 वरून थेट 60 वर जाते. कोणती पद्धत वापरली ते जर्नलमध्ये (प्रात्यक्षिकाच्या वहीत) लिहा आणि सगळ्या गटांना तीच लावा.

आलेख गुळगुळीत आला नाही तर घाबरू नका. एक दिवसाचा बिंदू बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा वर बसतो. मूळ आकड्यांतही नऊ तास ते एक दिवस यांत जेमतेम दोन टक्के घसरण आहे. मुरे आणि द्रोस या संशोधकांनी 2015 मध्ये एकाच प्रयुक्तावर हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही 24 तासांपाशी आलेख जरा उचललेला दिसला. मधल्या रात्रीची झोप हे त्याचं संभाव्य कारण आहे, म्हणून एक दिवसाच्या गटाला किती तास झोपलात हे विचारून तक्त्यात एक रकाना ठेवा.