तुमचे प्रश्न : ह्यात शिकायचं काय असतं?

प्रश्न : ताई, मी कॉलेजला समाजशास्त्र घेतलंय. घरी सगळे म्हणतात ह्यात शिकायचं काय असतं, समाजात राहणाऱ्या कुणालाही हे माहितीच असतं, नुसते कॉमन सेन्सला जड शब्द चिकटवलेत. मला उत्तर देता येत नाही आणि खरं सांगायचं तर कधीकधी मलाही तसंच वाटतं.

उत्तर : तसं वाटतं हे मोकळेपणाने लिहिलंस ते फार बरं केलंस, ह्या विषयाची सुरुवात तिथूनच होते. आधी एक कर. मी दोन विधानं देते, ती का खरी असतील ते मनातल्या मनात सांग. पहिलं, दुसऱ्या महायुद्धात जास्त शिकलेल्या अमेरिकन सैनिकांना कमी शिकलेल्यांपेक्षा मानसिक त्रास जास्त झाला. दुसरं, खेड्यातून आलेले सैनिक शहरातल्यांपेक्षा लष्करात जास्त खुशीत असायचे.

सुचलं ना कारण? शिकलेला माणूस जास्त विचार करतो, खेड्यातल्याला कष्टांची सवय असते, वगैरे. आता ऐक, दोन्ही विधानं खोटी आहेत. त्या युद्धात लाखो सैनिकांना प्रश्नावल्या देऊन एक प्रचंड मोठा अभ्यास झाला होता आणि त्यावर लिहिताना १९४९ साली पॉल लाझर्सफेल्ड ह्या समाजशास्त्रज्ञाने वाचकांपुढे मुद्दाम अशीच उलटी विधानं ठेवली होती, वाचकांनी ‘हे तर माहितीच आहे’ म्हणेपर्यंत थांबून मग सांगितलं की प्रत्यक्षात नेमकं उलट निघालंय. आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट ही आहे की मी आधीच खरं काय ते सांगितलं असतं तरी तुला कारण तितक्याच पटकन सापडलं असतं, की शहरातल्याला गर्दीची, वेळापत्रकाची, वरच्याचे हुकूम ऐकायची सवय असते म्हणून त्याला लष्कर सोपं गेलं. कॉमन सेन्सकडे दोन्ही बाजूंची उत्तरं तयार असतात, कुठलं खरं ते मोजल्याशिवाय, जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. घरच्यांना हे दोन प्रश्न विचारून बघ, वाद घालायची गरज पडणार नाही.

पण मला स्वतःला ह्या विषयात ओढून नेलं ते वेगळ्याच गोष्टीने. हॅरोल्ड गारफिंकेल नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, साठच्या दशकात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं : घरी जा आणि पंधरा मिनिटं ते तासभर असं वागा की तुम्ही ह्या घरात भाड्याने राहायला आलेले परके आहात. म्हणजे अदबीने बोलायचं, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, फ्रिजमधलं काही हवं असेल तर आईची परवानगी मागायची. बस, एवढंच. कुणी उद्धटपणा केला नाही, उलट सगळे नेहमीपेक्षा जास्त नम्र होते. आणि घरोघरी गोंधळ उडाला, आईवडील हबकले, तुला बरं नाहीये का, काही बिनसलंय का, आमच्यावर राग आहे का अशी सरबत्ती सुरू झाली, काहीजण चक्क चिडले.

ह्यातून जे दिसतं ते मला आजही थक्क करतं. घरात न विचारता फ्रिज उघडायचा हा नियम कुणी कधी सांगितलेला नसतो, पण नम्रपणे मोडला तरी माणसं दुखावतात. म्हणजे तुझ्या घरचे ज्याला कॉमन सेन्स म्हणतायत तोच तर समाजशास्त्राचा अभ्यासविषय आहे, तो येतो कुठून, टिकवतं कोण, आणि मोडणाऱ्याला काय भोगावं लागतं.

प्रश्न : समाजशास्त्र आणि समाजकार्य एकच का?

उत्तर : नाही. समाजकार्यात अडचणीतल्या माणसाला प्रत्यक्ष मदत करायची असते, समाजशास्त्रात ती अडचण कुणाकुणाला येते, कधीपासून येते आणि इतरांना का येत नाही हे शोधायचं असतं. एकमेकांच्या खूप उपयोगी पडतात, पण शिक्षण वेगळं आणि कामही वेगळं.

प्रश्न : मी नोकरी करते. सात वाजता लॅपटॉप बंद केला की दुसरी ड्यूटी सुरू. नवरा वाईट नाहीये, सांगितलं की करतो. तरी मी सतत दमलेली आणि चिडलेली असते. बाकीच्या बायकांना जमतं, मलाच मॅनेजमेंट जमत नाही का? ह्यात तुमचं शास्त्र काही सांगतं का?

उत्तर : सांगतं, आणि तुम्ही जो शब्द वापरलात जवळपास तोच वापरून सांगतं. आर्ली हॉकशील्ड ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यात बसून अभ्यास केला आणि १९८९ साली त्यावर लिहिताना ह्याला ‘सेकंड शिफ्ट’, म्हणजे कामाची दुसरी पाळी, असं नाव दिलं. आधीच्या अमेरिकन पाहण्यांवरून त्यांनी हिशेब मांडला की नोकरी, घर, मुलं सगळं धरून बायका पुरुषांपेक्षा आठवड्याला साधारण १५ तास जास्त राबतात, म्हणजे वर्षाला चोवीस तासांचे दिवस धरले तर एक अख्खा महिना. आकडे जुने आहेत, पण तुमचं पत्र वाचताना मला तेच आठवले.

सी. राइट मिल्स ह्या समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली एकट्या माणसाची अडचण आणि सगळ्या समाजाचा प्रश्न ह्यांतला फरक सांगितला होता. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव बघा. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव बघून काही हाती लागणार नाही, तिथे नोकऱ्यांची व्यवस्थाच बघावी लागते. परीक्षेचंही तसंच ना, जागा शंभर आणि अर्ज हजार असतील तर नऊशे बाहेर राहणारच, कोण राहणार ते अभ्यासावर ठरेल पण किती राहणार ते आधीच ठरलेलं आहे.

तुमच्या थकव्याकडे असं बघा. फुलटाइम नोकरीचे तास ज्या काळात ठरले तेव्हा कामावर जाणाऱ्याच्या घरी दुसरं कुणीतरी दिवसभर आहे हे धरून चाललेलं होतं. आता दोघं बाहेर पडतात आणि तास मात्र तेच राहिलेत. शाळा सुटायची वेळ आणि ऑफिस सुटायची वेळ जुळत नाही हा काही तुमच्या मॅनेजमेंटचा दोष नाही.

ह्यावर कुणी म्हणेल मग नवऱ्याची जबाबदारी काहीच नाही का. आहे, पूर्ण आहे. आकड्यांवरून एका माणसाला माफी मिळत नसते. तुम्ही लिहिलंय ‘सांगितलं की करतो’, ते वाक्य मी दोनदा वाचलं. लक्षात ठेवणं, बघणं, सांगणं, झालं की नाही ते विचारणं हेही कामच आहे आणि ते कुठल्याच यादीत येत नाही. एक आठवडा कागदावर दोन रकाने करा, एकात काम कुणी केलं आणि दुसऱ्यात ते कुणाच्या लक्षात होतं. दोघांनी मिळून भरा. पहिल्या रकान्यात कदाचित वाटणी बरी दिसेल, भांडण बहुतेक दुसऱ्यावरून आहे.