तेलाला हात लावण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मालिशचा कोर्स संपला, सर्टिफिकेट आलं, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सेंटरने भेटायला बोलावलंय, हे तुझ्या आईकडून कळलं. परवा फोनवर तू विचारलंस, आता आणखी कोणती पद्धत शिकू? तुझा हात चांगला आहे, सरावाने आणखी बसेल. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते, म्हणून फोनवर न बोलता लिहिते आहे.

आपल्या कामात दार लोटलेलं असतं. टेबलावरची बाई अर्धे कपडे काढून, डोळे मिटून पालथी पडलेली असते आणि तू उभी असतेस. पैसे ती देते, पण त्या तासाभरात जोर सगळा तुझ्याकडे असतो. इतक्या वर्षांत या कामातल्या ज्या तक्रारी आणि भांडणं माझ्या कानावर आली, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडली: आधी बोलायला हवं होतं ते कुणी बोललंच नव्हतं. म्हणून तेलाला हात लावण्याआधी बोलून घ्यायचं.

बोलायचं म्हणजे साधं, स्पष्ट. "आज मान, पाठ आणि पाय घेणार आहे. पोट आणि छाती घेत नाही. तुम्हाला सोयीचं वाटेल तेवढेच कपडे काढा. मी बाहेर थांबते, चादर अंगावर घेतलीत की हाक मारा." किती वेळ लागेल आणि किती पैसे होतील, तेही तेव्हाच सांगायचं. मग ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. मांडीकडे किंवा कमरेच्या खाली जायचं असेल तर पुन्हा विचारायचं, दहाव्यांदा आलेली बाई असली तरीही. मागच्या वेळी दिलेली परवानगी मागच्या वेळेपुरतीच होती.

आपल्याकडच्या बायका भिडेखातर नाही म्हणत नाहीत, विशेषतः वयस्कर. दाब जास्त झाला तरी "असू दे, असू दे" म्हणतात. तेव्हा अंगाकडे बघायचं. खांदा वर येतो, पायाची बोटं आखडतात, श्वास अडकतो. तोंडाने हो म्हणाली आणि अंग आखडलं, तर हात थांबवून पुन्हा विचार.

पहिल्या दिवशी तब्येतीचे प्रश्न विचारून वहीत लिहून घे. बीपी, शुगर, अलीकडचं ऑपरेशन, रक्त पातळ होण्याची गोळी, दिवस गेलेत का, ताप आहे का. जुने वैद्यही तापात आणि अजीर्णात अभ्यंग करू देत नाहीत. मधुमेहाच्या पेशंटचे पाय कधीकधी बधिर असतात. तेल जास्त गरम झालं किंवा दाब जास्त पडला तर तिला कळतच नाही, म्हणून तेल आधी आपल्या मनगटावर बघायचं. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि एक गोष्ट मनावर कोरून घे. एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, दुखते, आणि माणूस ऑपरेशननंतर पडून होता किंवा लांबचा प्रवास करून आला आहे, तर त्या पायाला मालिश करायची नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठव. मालक म्हणेल, "अगं, हलक्या हाताने कर, गिऱ्हाईक कशाला घालवतेस?" तरी करायची नाही.

द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडकडून खांदे धरलेले लोक येतात. दिवसभर मांडवाखाली हात वर करून काम केलेलं असतं. त्यांना मालिशने खरंच आराम पडतो. पण एखादा म्हणाला की मुंग्या थेट बोटांपर्यंत येतात, हातातून वस्तू निसटते, तर ते आपलं काम राहिलं नाही. "मणका सरकलाय", "नस दबलीय" असं आपण ठरवायचं नाही आणि कडकन मान मोडून तर अजिबात द्यायची नाही. पंचकर्मात काय करायचं ते वैद्य ठरवतात. आपण त्यांच्या सांगण्यावरून स्नेहन-स्वेदनाला, म्हणजे तेल चोळायला आणि शेक द्यायला, हात लावतो. फिजिओथेरपिस्टचं शिक्षण वेगळं आहे, 2021च्या केंद्रीय कायद्यात त्यांच्या व्यवसायाची स्वतंत्र नोंद आहे. आपण डॉक्टर नाही हे सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. मधुमेह, पक्षाघात, लठ्ठपणा बरा करतो अशी पाटी सेंटरबाहेर दिसली तर विचार कर. अशा जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे. जो पाटीवर खोटं लिहितो तो उद्या तुलाही खोटं बोलायला लावेल.

आता बाळंतिणीच्या घरांबद्दल. याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण तिथे तू एकटी असतेस आणि सगळ्या घराचे डोळे तुझ्यावर असतात. पंचवटीतला वाडा असो की सिडकोतला फ्लॅट, दार बहुतेक सासू उघडते, पैसे तीच ठरवते, आणि कुठे किती चोळायचं हेही तीच सांगते. पण अंग बाळंतिणीचं आहे. सासूबाईंचा मान राखून, त्यांच्यासमोरच तिला विचार: "ताई, तुम्हाला चालेल ना? कुठे दुखतंय? कुठे हात नको?" दोन-तीन दिवस घरात नवल वाटतं, मग सवय होते. सिझेरियन असेल तर टाक्यांच्या आसपास आणि पोटावर हात लावायचा नाही, पट्टा आवळून बांधायचा नाही, डॉक्टरांनी सांगेपर्यंत. "आमच्या वेळी तिसऱ्या दिवशी पोट चोळायचे" असं कुणी म्हटलं तर वाद घालू नकोस. "आजी, डॉक्टरांना एक फोन करून विचारू या" एवढं म्हण.

बाळाच्या बाबतीत मात्र ठाम राहायचं. बाळाची छाती पिळून "दूध काढायला" सांगतात. बाळाच्या छातीतली ती गाठ आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे येते आणि आपोआप जाते. पिळल्याने जंतुसंसर्ग होऊन पू होऊ शकतो. नाकात-कानात तेल सोडायचं नाही. बंद खोलीत शेगडीवर ओवा-धूप टाकून धुरी देतात, तो धूर तेवढ्याशा फुप्फुसांना सोसत नाही. हातपाय ओढून अंग मोकळं करायचं नाही, उलटं धरून हलवायचं तर नाहीच. बाळाला बोलता येत नाही, पण तोंड फिरवतं, मुठी आवळतं, कळवळून रडतं. ते त्याचं नाही म्हणणं आहे. तिथे थांबायचं, कडेवर घ्यायचं, जमलं तर नंतर बघायचं. रडलं की चांगलं, फुप्फुसं उघडतात, असं सांगणारी माणसं तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

अशा घरांत दिसू नये ते दिसतं. दंडावर बोटांचे काळेनिळे वण दिसतात. एखादी बाळाकडे बघतही नाही, भिंतीकडे तोंड करून नुसती रडते. त्याची चर्चा घरात करायची नाही आणि शेजारी तर मुळीच नाही. मालिश चालू असताना, आजूबाजूला कुणी नसेल तेव्हा, हळूच विचारायचं: "इथे कसं लागलं?" ती बोलली तर ऐकून घे, नाही बोलली तर खोदू नकोस. महिलांसाठी 181 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे नंबर आहेत एवढं तिला माहीत असू दे. बाळंतपणानंतरचं असं रडणं आजार असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत, हेही सांग. मात्र स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं बरंवाईट करण्याचं ती बोलली, तर तिथे गुपित पाळायचं नाही. ज्याच्यावर तिचा विश्वास आहे अशा माणसाला आणि डॉक्टरला त्याच घटकेला कळव आणि कुणी येईपर्यंत तिच्याजवळ थांब.

बाकी सगळं मात्र तुझ्यापाशी राहिलं पाहिजे. नाशिक वाढलं तरी अजून ओळखीपाळखीचंच गाव आहे. कॉलेज रोडच्या बाईची नणंद इंदिरानगरला राहते आणि दोघींच्या घरी तू जातेस. कुणाला गर्भपात झाला, कुणाची कसली गोळी चालू आहे, कुणाच्या अंगावर कसला डाग आहे, यातलं एक अक्षर इकडचं तिकडे जाता कामा नये. बाळाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचा नाही, आईने कौतुकाने हो म्हटलं तरी. ती तब्येतीची वही कुलपात ठेव.

आता ज्याबद्दल तुझ्या आईला झोप लागत नाही ते. मसाज या नावाखाली नको ते धंदे चालतात, 1956च्या पिटा कायद्याखाली, म्हणजे देहविक्रयाच्या धंद्याविरुद्धच्या कायद्याखाली, छापे पडतात, पेपरात बातमी येते, आणि मग आपल्यासारख्यांकडेही लोक तिरक्या नजरेने बघतात. छाप्यात सापडलेल्या मुलींना तू नावं ठेवू नकोस. त्यांच्यातल्या कित्येकींना फसवून, अडकवून तिथे आणलेलं असतं. तुझ्याकडे कुणी तसं सुचवलं, हात लावला, किंवा नुसतं घाणेरडं बोललं, तर हसून सोडून द्यायचं नाही. "हे इथे होत नाही. मालिश इथेच थांबली," एवढं म्हणून खोलीबाहेर यायचं. अर्धवट राहिलेल्या कामाचं काहीही देणं लागत नाहीस. त्या माणसाला पुन्हा घ्यायचं नाही हे सांगणं मालकाचं काम आहे. "जरा ॲडजस्ट करून घे" असं उत्तर मिळालं तर त्या नोकरीत एक दिवसही जास्त राहू नकोस. 2013च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रार समिती हवी; कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. अनोळखी पुरुषाच्या घरी एकटीने जायचं नाही, कितीही पैसे देत असला तरी.

एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांबद्दलही थोडं. मुलं परदेशी, घरात कुणी नाही, आणि आठवड्यातून एकदा तू येतेस, तोच काय तो मायेचा हात. ते तुझ्यात जीव गुंतवतात, सिटिंग वाढवायला सांगतात, एखाद दिवशी सोन्याची अंगठी पुढे करतात. माया खरी असते, तिचा मान राख, पण अंगठी घेऊ नकोस, उसने पैसे घेऊ नकोस आणि गरज नसताना सिटिंग वाढवू नकोस. चहा घे, चार गोष्टी ऐक.

2027ला सिंहस्थ येतोय. नाशिक आणि त्र्यंबकला चालून चालून पाय भरलेली माणसं येतील, नव्या पाट्या लागतील, तुला दुप्पट पैसे देऊन बोलावतील. कमाई जरूर कर. पण गर्दी आहे म्हणून प्रश्न गाळायचे नाहीत, चादर न बदलता दुसऱ्याला झोपवायचं नाही, वाटीत उरलेलं तेल बाटलीत परत ओतायचं नाही. आणि अंगठे दुखायला लागले की त्या दिवसाचं काम थांबव. थकलेल्या हाताला दाबाचा अंदाज राहत नाही, आणि त्याचा त्रास टेबलावरच्या माणसाला होतो.

सेंटरला भेटायला जाशील तेव्हा पगाराआधी एवढं विचार: खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, कारण ती नसावी. रिसेप्शनवर शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत कोण असतं? आणि मी एखाद्याला नाही म्हटलं तर माझा पगार कापणार का? शेवटचा प्रश्न विचारल्यावर ते काय बोलतात ते नीट ऐक आणि घरी आल्यावर मला फोन कर. कामावर हजर व्हायचं की नाही, ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
मावशी