रम सुटली, पण दारू?

"मॅडम, रमचा नुसता वास आला तरी पोटात ढवळतं. चार वर्षं झाली. डोक्यात काही बिघडलंय का माझ्या?"

पस्तिशीतला हा गृहस्थ एवढंच विचारायला आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मित्रांनी इलाजही सुचवला होता: नाक दाबून एक पेग मार, सगळं ठीक होईल.

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. कुणाची टकिला सुटलेली असते, कुणाची व्हिस्की. बिघाड वगैरे काही नसतो. एखादी चव घेतल्यावर काही तासांत जोराच्या उलट्या झाल्या, तर मेंदू त्या चवीची विष म्हणून नोंद करतो आणि त्याला बऱ्याचदा एकच अनुभव पुरतो. जॉन गार्सिया या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी किरणोत्सर्गाचा मारा केला. त्यानंतर उंदीर ते पाणी टाळू लागले. त्रास किरणांचा होता, आळ मात्र चवीवर आला. ही नावड समजूत घालून जात नाही. जबरदस्तीने तोच पेग घेतला आणि पुन्हा उलटी झाली, तर ती आणखी घट्ट होते. म्हणून मित्रांचा सल्ला विसरा, असं मी त्यांना सांगितलं.

ते जरा सैलावले. उठता उठता म्हणाले, "तशी व्होडकाही सोडलीय. आता फक्त बिअर. पण हल्ली तीही बाधते, वाईनवर जावं म्हणतो."

मी त्यांना पुन्हा बसवलं आणि कोरा कागद दिला. ज्या तीन रात्रींनंतर शपथ घेतली किंवा घ्यावीशी वाटली, त्या लिहून काढा म्हटलं: काय प्यायलात, किती, किती वेळात, जेवलात कधी. पहिल्या रकान्यात रम, व्होडका, बिअर अशी तीन नावं आली. जेवणाच्या रकान्यात त्यांनी 'नंतर' लिहिलं, आणि पुढच्या दोन ओळींत नुसती 'तसंच'ची खूण केली. 'किती' या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं. मोजलंच नव्हतं.

बिअर हलकी, ही समजूत फार जणांची असते. ४० टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये १२ मिली अल्कोहोल असतं, तर ५ टक्क्यांच्या ५०० मिली बिअरमध्ये २५ मिली, म्हणजे दोन पेगांहून जास्त. गडद रंगाच्या दारूत इतर घटक अधिक असल्याने दुसऱ्या दिवशीचा त्रास वाढू शकतो, हे खरं. पण शरीराला निस्तरावं लागतं ते मुख्यतः अल्कोहोलच, आणि ते यकृत आपल्याच गतीने करतं. कॉफीने किंवा आंघोळीने ती गती वाढत नाही.

मग मी विचारलं, उलटी झाली नाही अशी एखादी वाईट रात्र? ते बराच वेळ गप्प राहिले. "एकदा घरी कसा पोचलो ते आठवतच नाही. गाडी मीच चालवली होती म्हणे."

त्या रात्री काय प्यायले होते, हे त्यांनी सांगितलंही नाही, आणि त्या रात्रीनंतर कुठलीही शपथ घेतली नव्हती. मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची. मळमळ फक्त उलटीचा हिशेब ठेवते. ज्या रात्री जीव जाऊ शकला असता, ती तिच्या खात्यात नाहीच. दारू जास्त झाली की मेंदू नव्या आठवणी साठवणंच थांबवतो, आणि माणूस मात्र चालत-बोलत असतो. असं होणं हा गंभीर इशारा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची चाचणी मी त्यांच्याकडून भरून घेतली. किती वेळा पिता, किती पिता, थांबता येतं का, काय केलं ते आठवत नाही असं झालं का, असं त्यात विचारलेलं आहे. कुठली दारू, हे एकाही प्रश्नात नाही. गुण वाढत गेले तसा वाईनचा विषय मागे पडला.

काही महिने पूर्ण बंद, हे त्यांनी स्वतः ठरवलं. ते रोज पिणारे नव्हते, म्हणून मी लगेच हो म्हणू शकले. जे रोज भरपूर पितात त्यांनी मात्र असं एकदम थांबू नये. हात थरथरणं, घाम, भ्रम, फिट येणं इथपर्यंत त्रास जाऊ शकतो, तेव्हा आधी डॉक्टरांना भेटा.

रमच्या वासाने त्यांना अजूनही मळमळतं. त्यावर आम्ही काहीच उपचार करत नाही.