स्टुडिओ भाड्याने की स्वतःचा?

प्रश्न: दादा, आमचा चौघांचा रॉक बँड आहे. रेकॉर्डिंगला गेलो की तासाचं मीटर पळत असतं, जरा टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) जमायला लागला की आमचा स्लॉट संपतो. ड्रमर म्हणतो क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने स्वतःचा स्टुडिओ घेतलेला, आपण पण एक गाळा घेऊन काढू. काढावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ड्रमर खोटं नाही बोलत, पण अर्धीच गोष्ट सांगतोय. क्वीनने १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा माउंटन स्टुडिओ विकत घेतला. तेव्हा इंग्लंडमध्ये मोठ्या कमाईवर ८३ टक्क्यांपर्यंत टॅक्स होता, त्यामुळे बरेच बँड देशाबाहेर जाऊन रेकॉर्ड करायचे, यांनी १९७८ मध्ये 'जॅझ' या अल्बमचं काम माउंटनमध्ये केलं आणि मग स्टुडिओच घेऊन टाकला. आणि गंमत बघ, पुढचा 'द गेम' केला कुठे, तर म्युनिकला, दुसऱ्याच्याच स्टुडिओत!

मग फायदा काय झाला? घड्याळ सुटलं. १९८१ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी तिथे आला होता, सगळे मिळून वाजवत बसले आणि त्यातून 'अंडर प्रेशर' हे गाणं निघालं, तासावर घेतलेल्या स्टुडिओत असं क्वचितच होतं. पण खरी किंमत वसूल झाली १९९१ मध्ये. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी (हो, आपल्या पंचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला तोच) तेव्हा फार आजारी होता, अंगात जोर असेल तेव्हा यायचा, जमेल तेवढं गायचा. 'मदर लव्ह' या गाण्याचं शेवटचं कडवं राहूनच गेलं, ते बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याने गायलं. ते गाणं असलेला 'मेड इन हेवन' अल्बम यायला १९९५ उजाडलं, तोवर स्टुडिओ त्यांनी तिथलाच इंजिनिअर डेव्हिड रिचर्ड्सला विकलासुद्धा होता.

आता ड्रमरने न सांगितलेलं. क्वीनने घेतला तो चालता स्टुडिओ, इंजिनिअरसकट, आणि मधल्या काळात बाकीचे लोकही तिथे रेकॉर्ड करायचे, अमेरिकन रॉक गायक इग्गी पॉपने १९८६ चा अल्बम तिथेच केला. बीटल्सनी उलटं केलं, लंडनला सॅव्हिल रोच्या तळघरात नवा स्टुडिओ बांधायचं काम मॅजिक अ‍ॅलेक्स नावाच्या दोस्ताला दिलं, १९६९ च्या जानेवारीत बघतात तर त्याचं मिक्सिंग डेस्क कामाचंच नाही, शेवटी ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीकडून मशिनं आणावी लागली. त्यांचं चाललं, ते बीटल्स होते.

तुमचं म्हणशील तर गाळ्यात सगळ्यात जास्त पैसा साउंडप्रूफिंग खातं, गिअर (माईक, मशिनं वगैरे) नाही, आणि ते अर्धवट केलं तर शेजारचे दुकानवाले महिनाभरात बोंब मारतील. त्यापेक्षा एक बरा ऑडिओ इंटरफेस (माईक, गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) न दोन माईक घ्या, गिटार, बेस, व्होकल्स घरी निवांत करा, पाहिजे तितके टेक घ्या. ड्रम्सना मात्र चांगली रूम न भरपूर माईक लागतात, त्यासाठी स्टुडिओचा एक पूर्ण दिवस घ्या, तासावर नको, आणि गाणं पाठ करून जा. तुमच्यापैकी कुणाला रात्र रात्र मिक्सिंग करत बसायचं खरंच वेड आहे का? असेल तर वर्षभराने परत लिही, तेव्हा गाळ्याचं बोलू. तोवर डिपॉझिट देऊ नका.